बांथाविना बांथाचे दूध: डिस्नीलँडमधील 'मिल्क स्टँड'चे परीक्षण

कॅलिफोर्नियात अनाहाइम येथील डिस्नीलँडमध्ये ३१ मे २०१९ रोजी 'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या कथांच्या चित्रपटमालिकेवर बेतलेला 'स्टार वॉर्स: गॅलेक्सीज एज' हा १४ एकरांचा विभाग सुरू झाला आणि त्याच वर्षी २९ ऑगस्टला फ्लोरिडातील डिस्नी हॉलिवूड स्टुडिओज या उद्यानात त्याचे जुळे भावंड उघडले. दोन्हीकडे 'मिल्क स्टँड' अशा साध्या नावाचा एक काउंटर आहे. तेथे दोनच रंगांचे दूध मिळते, निळे आणि हिरवे. त्यांपैकी निळे दूध बांथाचे आहे, असे ही कथासृष्टी मानते. बांथा हा टॅटूईन या वाळवंटी ग्रहावरचा, हत्तीएवढ्या आकाराचा, अंगभर लोंबत्या केसांचा आणि वळलेल्या शिंगांचा, कळपाने राहणारा काल्पनिक प्राणी आहे. अमेरिकेतील मराठी कुटुंबांकडे भारतातून आजी-आजोबा आले की डिस्नीलँडची फेरी सहसा ठरलेली असते, आणि त्या फेरीत नातवंडांच्या हट्टापायी निळ्या दुधाचा पेला कोणाच्या तरी हातात येतोच. त्यामुळे हे पेय कसे आहे, आपल्याला चालण्यासारखे आहे का आणि त्याला दिलेले पैसे कारणी लागतात का, हे सविस्तर सांगण्याजोगे आहे. मात्र ज्या प्राण्याच्या नावावर हे पेय उभे आहे त्याला या दुकानाने काय दिले, हा प्रश्न मला चवीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो आणि या परीक्षणाचा बराचसा भाग त्याच प्रश्नाला दिला आहे.

आधी पेय. दोन्ही रंगांच्या दुधात जनावराच्या दुधाचा थेंबही नाही. नारळाचे दूध आणि तांदळाचे दूध यांचे ते गोठवलेले मिश्रण आहे. निळ्या दुधात ड्रॅगन फ्रूट, अननस, लिंबू आणि कलिंगड यांचा स्वाद आहे, तर हिरव्यात मँडरिन संत्रे, पॅशन फ्रूट, ग्रेपफ्रूट आणि संत्र्याच्या फुलांचा. दूध या शब्दाने जे चित्र मनात येते, म्हणजे सायीचे, तापवलेले किंवा निदान थंड करून पातळ प्यायचे, तसे हे अजिबात नाही. बर्फाच्या बारीक कणांचे, स्ट्रॉने ओढताना किंचित अडणारे असे हे घट्टसर सरबत आहे. निळ्याचा पहिला घोट फळांच्या गोडीचा लागतो, अननस आणि लिंबू त्या गोडीला थोडी धार देतात आणि नारळ शेवटी, घोट गिळल्यावर जिभेवर उरतो. ज्यांच्या घरी सोलकढीसाठी नारळ खवून, वाटून, पिळून रस काढला जातो त्यांना हा शेवटचा भाग ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की सोलकढीत आमसूल नारळाच्या स्निग्धपणाला आवर घालते आणि येथे ते काम थंडाव्यावर सोपवलेले आहे. त्यामुळे पेला निम्मा होऊन पेय वितळू लागले की गोडी वाढल्यासारखी वाटते. अनाहाइमच्या उन्हाळी दुपारी हे पेय रेंगाळत पिण्याचे नाही.

हिरव्या दुधाबद्दल मते टोकाची आढळतात आणि त्याचे कारण संत्र्याच्या फुलांचा सुवास हे आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या मिठायांमध्ये हा सुवास नेहमीचा. आपल्याकडे मात्र फुलांचा वास म्हटला की गुलाबपाणी किंवा केवडा एवढीच सवय असते, आणि तोही थंड पेयात क्वचितच. ज्यांना गुलाबाचे सरबत आवडते त्यांनी हिरवे घेऊन पाहावे. इतरांनी निळ्यावर थांबावे, असे माझे मत आहे. शुद्ध शाकाहारी मंडळींना, तसेच दूध न पचणाऱ्यांना दोन्ही पेये चालतात. उपवास करणाऱ्या आजींनी मात्र तांदळाचे दूध लक्षात घ्यावे. नारळ चालला तरी तांदूळ आडवा येतो.

आता बांथाकडे येऊ. १९७७ साली पहिला 'स्टार वॉर्स' चित्रपट आला तेव्हा बांथा पडद्यावर फार थोडा वेळ दिसला, आणि त्या थोड्या वेळासाठी एका खऱ्या आशियाई हत्तिणीला वेष चढवण्यात आला होता. तिचे नाव मार्डजी. ती कॅलिफोर्नियात रेडवुड सिटी येथे असलेल्या 'मरीन वर्ल्ड आफ्रिका यूएसए' या प्राणी उद्यानातली होती. तिच्या अंगावर ताडाच्या झावळ्यांचा लोंबता झगा चढवला, घरांत हवा खेळवण्यासाठी वापरतात त्या लवचिक नळ्यांची शिंगे केली, आणि अशा वेषात तिला डेथ व्हॅलीच्या वाळूत उभे केले. कळपाचा प्राणी म्हणून जगभर ओळख मिळवलेल्या या जनावराचा पहिला कळप असा एका हत्तिणीचा होता. ते उद्यान पुढे १९८६ मध्ये व्हॅलेहो येथे हलले आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवर ओरॅकल कंपनीच्या काचेच्या गोल इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींत काम केलेल्या मराठी अभियंत्यांची संख्या थोडी नसावी. आपण पहिल्या बांथाच्या जुन्या ठाण्यावर नोकरी करतो, याची त्यांच्यातल्या किती जणांना कल्पना असेल कोण जाणे.

बांथा एकटा येत नाही, हे या प्राण्याचे खरे वैशिष्ट्य आहे. त्याच्याबरोबर टस्कन हे लोक येतात. डोक्यापासून पायापर्यंत कापडात गुंडाळलेले, चेहऱ्यावर मुखवटा आणि हातात जाड दांडा घेतलेले हे वाळवंटाचे भटके पहिल्या चित्रपटात निव्वळ लुटारू म्हणून येतात. त्यांच्याविषयी तेथे जी काही थोडी माहिती मिळते तिच्यातली सगळ्यात लक्षात राहणारी बाब बांथाशी जोडलेली आहे: आपली संख्या शत्रूला कळू नये म्हणून हे लोक बांथांवर बसून नेहमी एकामागे एक अशा रांगेने जातात. एका ओळीच्या संवादात एका समाजाची सावधगिरी, त्याचे वाहन आणि वाळूवरचे ठसे वाचण्याची त्या प्रदेशातली कला अशा तीन गोष्टी सांगून झाल्या. पुढच्या काळात, विशेषतः २०१९ पासूनच्या 'द मँडलोरियन' आणि त्यानंतरच्या 'द बुक ऑफ बोबा फेट' या मालिकांमध्ये टस्कनांना माणसासारखे वागवले गेले. ते स्वतःला या ग्रहाचे मूळ रहिवासी समजतात आणि शेती करायला आलेल्या वसाहतकारांना घुसखोर मानतात, ही बाजू तेथे स्पष्ट झाली. त्यांची हातवाऱ्यांची भाषा रचण्यात ट्रॉय कोट्सर या कर्णबधिर अभिनेत्याचा मोठा वाटा होता. पुढे २०२२ साली ऑस्कर मिळवणारे कोट्सर ते हेच. ज्या लोकांचा आवाज पहिल्या चित्रपटात केवळ कर्कश ओरडण्यापुरता होता त्यांना अशा रीतीने व्याकरण मिळाले.

या मालिकांत बांथाची किंमतही अधिक नेमकेपणाने कळते. वाळूखाली राहणाऱ्या महाकाय ड्रॅगनला शांत ठेवण्यासाठी टस्कन आपल्या जवळचा बांथा त्याच्यापुढे बांधतात, हे दृश्य पाहताना ज्याच्या घरात जनावर बांधलेले असते त्याला ते काय मोजत आहेत हे सांगावे लागत नाही. जुन्या कादंबऱ्या आणि संदर्भपुस्तके तर याहून पुढे गेली होती. २०१४ मध्ये मालक कंपनीने ती अधिकृत इतिहासातून बाजूला काढून त्यांना 'लेजंड्स' असे नाव दिले. पण त्यांत स्वार आणि त्याचा बांथा यांचे नाते जवळजवळ आप्ताचे मानलेले आहे आणि त्यांपैकी एक मेला तर दुसऱ्याला त्याच्यावाचून जगणे कठीण होते. काल्पनिक प्राण्याभोवती इतकी रीतिभाती विणण्याचा हा उद्योग अनेकांना पोरकट वाटेल. मला तो तसा वाटत नाही, कारण खऱ्या पशुपालक समाजांची घडण अशीच असते आणि लेखकांनी ती कुठून ना कुठून उचललेली आहे.

निलगिरीतील तोडा लोकांच्या म्हशी आठवून पाहाव्यात: त्यांच्याकडे दूध काढण्याची आणि घुसळण्याची जागा हेच मंदिर असते, दुधाचे काम करणारा हा पुजारी असतो, आणि माणूस गेला की त्याच्या सोबतीला म्हैस पाठवण्याची चाल होती. आपल्याजवळचे उदाहरण धनगरांचे आहे. फलटण, माण, खटाव या कमी पावसाच्या भागांतले मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास वाडा, म्हणजे कुटुंबे आणि मेंढरे यांचा फिरता तळ, घेऊन कोकणाकडे उतरतात, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत रात्री मेंढरे बसवतात आणि त्या खताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घेतात. पाऊस लागण्यापूर्वी पुन्हा घाट चढतात. लोकरीची घोंगडी होते, बिरोबाच्या जत्रेला कळप जातो, आणि खंडोबाच्या कथेत तर प्रत्यक्ष देव बाणाईसाठी तिच्या बापाची मेंढरे राखतो. टॅटूईनवर नेमके हेच घडत नाही. तेथे शेतकरी आणि पशुपालक यांच्यात कोणताही व्यवहार नाही, फक्त बंदुका आहेत. ज्या वाळवंटात शेतकरी हवेतून पाणी गोळा करून जगतो आणि पशुपालक जनावरावर बसून जगतो, तेथे दोघांना एकमेकांची गरज पडत नाही, ही गोष्ट मला या कथासृष्टीतली सर्वांत अविश्वसनीय बाब वाटत आली आहे. प्रकाशाच्या तलवारी त्यापुढे काहीच नाहीत.

आणि येथेच निळ्या दुधाचा प्रश्न येतो. हे दूध पहिल्या चित्रपटात दिसते ते टस्कनांच्या तळावर नव्हे, तर कथेचा तरुण नायक ल्यूक स्कायवॉकर याच्या मामा-मामीच्या की काका-काकूंच्या (मराठीत नाते ठरवावेच लागते आणि कथेनुसार ते काका-काकूच आहेत) जेवणाच्या टेबलावर. त्या घराचे चित्रण ट्युनिशियात मात्माता येथे, जमिनीत खोदून केलेल्या पारंपरिक घरांपैकी एकात, म्हणजे आजच्या सिदी द्रिस हॉटेलात झाले. त्या गावातली ही भूमिगत घरे तेथल्या अमाझिग लोकांची आहेत. पेल्यातले दूध दीर्घकाळ टिकणारे पाकिटातले होते आणि त्यात निळा रंग घातला होता. ते पिण्याचा अनुभव किती वाईट होता हे ल्यूकचे काम करणारे मार्क हॅमिल यांनी पुढे अनेकदा विनोदाने सांगितले आहे. म्हणजे त्या एकाच चित्रपटात जनावर पशुपालकांकडे आहे आणि दूध शेतकऱ्याच्या घरात आहे, पण या दोन टोकांच्या मध्ये काय घडते, दूध कोण काढतो, कोण विकतो, त्याचा मोबदला कोणाला मिळतो, हे कोणी विचारतही नाही. निळे दूध बांथाचे आहे ही जोडणी नंतरच्या लेखनाने पक्की केली. टस्कन वाळू उकरून काळी फळे काढतात आणि त्यांतले पाणी पितात, एवढे मालिकांत दिसते. टस्कन बाई बांथाची धार काढते आहे असे दृश्य माझ्या पाहण्यात नाही.

मिल्क स्टँड या दुकानाकडे ही दरी भरून काढण्याची उत्तम संधी होती. या विभागाचे नाव कथेत ब्लॅक स्पायर आउटपोस्ट असे आहे, ते बॅटू नावाच्या आडबाजूच्या ग्रहावरचे व्यापारी ठाणे आहे, आणि त्याच्या रचनेसाठी आराखडाकारांनी मोरोक्को, इस्तंबूल, जेरुसलेम येथले जुने बाजार हिंडून पाहिले होते. ते पाहणे वाया गेलेले नाही. पोपडे आलेल्या भिंती, वरून लोंबणारी कापडे, गल्लीच्या वळणावर अचानक येणारे दुकान या सगळ्यांत खऱ्या बाजारपेठेची जाण दिसते. कर्मचारी दिवसा 'ब्राइट सन्स' म्हणून स्वागत करतात, किमती डॉलरऐवजी 'क्रेडिट्स'मध्ये सांगतात, आणि फलकांवर ऑरेबेश ही काल्पनिक लिपी असते. दुकानाचा मालक म्हणून बुबो वाम्बा नावाचे पात्र ठरवलेले आहे आणि दूध त्याच्या कुटुंबाच्या गोठ्यांतून येते, असे सांगितले जाते. इथपर्यंत सारे जमून आले आहे.

पण ज्या बाजारांवरून हे ठाणे बेतले, त्या बाजारांत दूध, लोकर, कातडी विकायला येणारा पशुपालक स्वतः दिसतो, त्याचे जनावर दिसते, निदान जनावराचा वास तरी येतो. येथे कौटुंबिक गोठ्याचे नाव आहे, त्या गोठ्याची एकही खूण ठळकपणे पुढे आलेली नाही. बांथा जसा या दुकानात नाही तसा त्याच्या पाटीवरच्या नावातही नाही. 'ब्लू मिल्क' एवढेच. टस्कनांचा तर प्रश्नच येत नाही. चित्रपटाने जनावर आणि दूध यांना वेगळे ठेवले ते बहुधा घाईत, कारण त्याला दुसरीच गोष्ट सांगायची होती. दुकानाला मात्र सांगायला दुधाखेरीज दुसरी गोष्टच नव्हती, आणि तरीही त्याने शेतकऱ्याच्या टेबलाचीच बाजू धरली. एखादी केसांची दोरी, धार काढायचे वाळवंटी भांडे, दूध आणून घालणाऱ्याच्या हिशेबाची पाटी, एवढ्यानेही हे काम झाले असते. इतर ठिकाणी बारीकसारीक तपशिलांवर जी मेहनत घेतली आहे ती पाहता हे अवघड नव्हते.

हिरव्या दुधाची गंमत अशी, की त्याच्या बाबतीत उलटे घडले आहे. ते थाला-सायरन या समुद्रकाठच्या खडकांवर पहुडणाऱ्या अजस्र प्राण्याचे आहे, आणि २०१७ च्या चित्रपटात म्हातारा ल्यूक त्याची धार काढून तेथल्या तेथे ते पितो. त्यासाठी एक प्रचंड बाहुला तयार करून हेलिकॉप्टरने आयर्लंडच्या कड्यांवर नेण्यात आला होता. त्या दृश्याची यथेच्छ टिंगल झाली, अनेकांना ते किळसवाणे वाटले. मला ते आवडते. दूध कोणाच्या तरी सडांतून येते आणि त्यासाठी कोणाला तरी खाली बसावे लागते, एवढी साधी गोष्ट त्या सगळ्या चित्रपटांत एकदाच इतकी सरळ दाखवली गेली. त्यामुळे दुकानात हिरवे दूध घेणाऱ्याला त्याचा प्राणी डोळ्यांपुढे आणता येतो. निळे घेणाऱ्याला फक्त रंग आठवतो. चवीत निळे जिंकते, कथेत हिरवे.

शेजारच्या दुकानांशी तुलना केली म्हणजे ही उणीव अधिक ठसते. याच ठाण्यातील रोंटो रोस्टर्स येथे रोंटो या टॅटूईनवरच्याच ओझेवाहू प्राण्याच्या नावाने रॅप विकला जातो, आणि तेथे शर्यतीच्या यानाचे जुने इंजिन भट्टीसारखे टांगून त्याखाली मांसाचे मोठमोठे तुकडे एक यंत्रमानव फिरवत असतो. ते तुकडे खोटे आहेत, पण जनावर होते आणि ते येथपर्यंत आले हे पाहणाऱ्याला पटते. शाकाहारी माणसाच्या वाट्याला यातून विचित्र न्याय येतो: जे त्याला खाता येत नाही त्याचा प्राणी डोळ्यांसमोर आहे, आणि जे पिता येते त्याचा प्राणी बेपत्ता आहे. ओगाज कँटीना या मद्यगृहात 'ब्लू बांथा' नावाचे मद्यविरहित पेय आहे. त्यात तेच निळे दूध न गोठवता थंड करून देतात आणि सोबत बांथाच्या रूपाचे व्हॅनिलाचे बिस्कीट असते. तेथे नाव आहे, रूप आहे, आणि मुलांना ते बिस्कीट अतिशय आवडते. पण कळपाने राहणारा आणि एका समाजाचा आप्त असलेला प्राणी शेवटी पेल्याच्या काठावरचे गोड बिस्कीट झाला, याला न्याय म्हणावे की नाही हे मला ठरवता येत नाही. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तरी बांथा दाखवायचा असेल तर ओगाकडेच जावे.

दूध वनस्पतिजन्य ठेवण्याच्या निर्णयाबद्दल मात्र मी पूर्ण समाधानी आहे. गायीच्या दुधात निळा रंग घालून थंड दूध देणे सोपे होते आणि चित्रपटात प्रत्यक्ष तेच केले होते. तसे केले असते तर दूध न पचणारे आणि वीगन असे अनेक जण बाहेर राहिले असते. शिवाय भर उन्हात उघड्यावर विकायला हे मिश्रण अधिक सोयीचे आहे. ज्या प्राण्याचे अस्तित्वच कल्पनेत आहे त्याचे दूध दुसऱ्या खऱ्या प्राण्याकडून उसने न घेणे यात एक तर्कशुद्धताही आहे. नारळ आणि तांदूळ हे दोन्ही आपल्या किनाऱ्यावरचे जिन्नस, आणि ड्रॅगन फ्रूट तर आता सांगली-सोलापूरकडच्या कोरडवाहू शेतांतही दिसू लागले आहे. त्यामुळे परग्रहावरच्या या दुधाची सामग्री कॅलिफोर्नियातल्या बहुतेक लोकांपेक्षा रत्नागिरीच्या पाहुण्याला अधिक परिचित असण्याची शक्यता आहे.

किमतीबाबत व्यवहारी सल्ला द्यायचा तर, दुकान सुरू झाले तेव्हा एका पेल्याला आठ डॉलरच्या किंचित आत पैसे पडत. थीम पार्कमधले दर वर चढत जातात, तेव्हा जाण्यापूर्वी उद्यानाच्या ॲपवर चालू भाव पाहून घ्यावा. पेला मोठा नाही, तरी गोडीमुळे एका प्रौढ माणसाला तो पुरून उरतो. दोघांत एक निळा घेऊन हिरव्याचा घोट दुसऱ्या कोणाच्या पेल्यातून चाखणे हा उत्तम मार्ग. भारतातून आलेल्या ज्येष्ठांना देताना 'दूध' असे न सांगता 'नारळाचे थंड सरबत' असे सांगावे, म्हणजे पहिल्या घोटाला चेहरा वाकडा होत नाही. मुलांच्या कपड्यांवर निळे डाग पडतात हे गृहीत धरावे. फ्लोरिडातील काउंटरवर याच दुधात रम किंवा टकीला घालून देण्याचीही सोय असते, म्हणून तेथे मुलांसाठी मागताना कोणते हवे ते स्पष्ट सांगावे. आणि रोंटो रोस्टर्सच्या वासाने कोणी तिकडे ओढले गेलेच, तर त्या रॅपमध्ये डुकराचे भाजलेले मांस आणि त्याचेच सॉसेज असते, हे रांगेत उभे राहण्यापूर्वी घरच्या मंडळींना सांगून ठेवावे.